घरतकाकांचा गाळ

घरतकाका काळ सेंटिमीटरमध्ये मोजतात. नवीन पनवेलच्या सोसायटीत मी राहायला आले, त्या दिवशी समोरचं दार उघडून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "लग्नाला किती वर्सा झाली?"

"अकरा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हंजे सतरा सेंटिमीटर! चांगला थर बसला."

माणूस ठीक आहे ना, असं मी नवऱ्याला विचारलं. खुलासा काकूंनी केला. काका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. तीस वर्षं त्यांनी प्राध्यापकांचे दगड पुसून कपाटात लावले आणि पुसता पुसता सगळं ऐकून घेतलं. निवृत्त झाल्यावर इतर लोक देवदर्शनाला जातात. काका हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि प्लंबिंगचे पाइप घेऊन आले.

इथून अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. डोंगराला दगडखाण लागलेली, खाली तलाव. वर्षाला साधारण दीड सेंटिमीटर गाळ त्या तलावात साचतो, असं काकांचं गणित. ट्रकच्या ट्यूबवर बसून ते तलावाच्या मध्यावर जायचे, पाइप तळात ठोकायचे, वरचं तोंड बुचानं बंद करून तो अलगद उपसायचे. घरी आणून उभा चिरला की आत गावाची सगळी वर्षं एकावर एक.

असे सात पाइप त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी उभे होते. पाहुणे खुर्च्यांवर अंग चोरून बसत. "फ्रीजमदी दुदाला जागा नाय, चिखलाला हाय," काकू म्हणायच्या. थरांच्या चकत्या त्यांच्याच इडलीपात्रात ठेवलेल्या असत.

"हात नका लावू!" काका ओरडायचे आणि मग स्वतःच हात लावून दाखवायचे. "ह्यो खालचा बघा, कालाकुट्ट. पानं कुजलेली, भाताची तुसा. ह्यो लाल पट्टा मोठ्या पुराचा. आनि ह्यो—" इथे त्यांचा आवाज उतरायचा. वरून मोजलं तर साठाव्या सेंटिमीटरपासून तोंडापर्यंत सगळा गाळ राखाडी होता. बोटावर घेतला तर पिठासारखा. "डोंगर हाय ह्यो. दलून आमच्या तलावात घातला."

जुन्या कॉलेजातल्या एका मॅडमनी मेहेरबानी म्हणून चकत्या तपासून दिल्या. राखाडी थरात दगडाची भुकटी होतीच, शिवाय तेल आणि नको ते धातूही होते. काका तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

"तुमचा मराठी चांगला हाय. अर्ज लिवा. खान बंद झाली पायजे."

मी लिहिला. अगदी जीव ओतून लिहिला. तलाव कसा विषारी होत गेला, गुरं पाणी कशी टाळतात, मासे कसे संपले. माझ्या लग्नानंतर मी इतकं मनापासून काही लिहिलं नव्हतं.

सुनावणीला काका पाइप घेऊन निघाले. रिक्षात तो मावेना, म्हणून एक टोक बाहेर ठेवून आम्ही कचेरीत पोचलो. दारावरच्या माणसानं विचारलं, "नळाचं काम कुठल्या मजल्यावर?"

साहेबांनी मात्र शांतपणे ऐकलं. पाइप बघितला, कागद वाचला, दोन प्रश्नही विचारले. शेवटी म्हणाले, "म्हणजे तलाव धोकादायक आहे, हे तुम्ही सिद्ध केलंय."

"व्हय साहेब!" काका खुर्चीतून अर्धे उठले. खाण लागल्यापासूनच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मान्य केलं होतं. परतताना त्यांनी मला उसाचा रस पाजला.

चार महिन्यांनी तलावावर पाटी लागली: 'धोकादायक जलाशय'. पुढच्या आठवड्यात डंपर आले आणि तलाव बुजवायला लागले. भरावासाठी दगड त्याच खाणीतून आला. जवळ पडत होती. कारण म्हणून आदेशात माझ्या अर्जातली दोन वाक्यं जशीच्या तशी होती. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

काका पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी दार वाजवलं. "येता का गावाला?"

तलावाच्या जागी सपाट राखाडी मैदान होतं. काका कडेलाच थांबले, पाऊल टाकेनात. डोंगरावर सुरुंगाचा आवाज झाला, धूळ उठली आणि सावकाश आमच्याकडे यायला लागली.

"खानीचा कागद आला, तवा गावात मॅट्रिक झालेला मी एकटा," ते म्हणाले. "सगल्यांनी मलाच वाचाया लावला. मी वाचला. बोललो, रस्ता व्हईल, कामा मिलतील, करा अंगठे. मंग आयेनं इचारला, 'बाला, तलावाला काय व्हनार नाय ना?'"

धूळ आमच्यापर्यंत पोचली, मी ओढणी नाकावर धरली.

"बोललो, काय नाय व्हनार."

"आई नंतर काही बोलल्या?"

"कदीच नाय. पानी राखाडी झाला, तवा तिनं फडका चौपदरी केला. गालून पयला तांब्या मला द्यायची." काकांनी धुळीनं भरलेले डोळे पुसले. "आनि इचारायची, 'गोड लागतं ना?' मी बोलायचो, गोड लागतं, आये."