झेंडूपेक्षा पिवळी कावीळ

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खाट मनात आणा. (वाचून दाखवणाऱ्याने मात्र एक डोळा उघडा ठेवावा.) पडवीतली खाट, एका पायाखाली वीट लावलेली. समोर झेंडूचं शेत. त्यावर श्रावणातलं ऊन येतंय, जातंय, पुन्हा येतंय. खाटेवर मफलर गुंडाळून बहिरू आजोबा बसलेत. आता एक शिंक ऐका. इतकी मोठी, की झेंडूवरची फुलपाखरं उठली, जरा थांबली आणि परत बसली.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादची. आजोबांची नात दिशा तेव्हा दहा वर्षांची होती आणि ती अजून एकदाही रेल्वेत बसली नव्हती. येत्या रविवारी तिला पॅसेंजरने इगतपुरीला न्यायचं आजोबांनी कबूल केलं होतं.

"तिथं ढग फलाटावर उतरतो," ते सांगायचे. "इकडं तिकडं हिंडतो, मग खिडकीतून डब्यात येतो. तिकीट नाय काढत. मुठीत धरला तर गार लागतो. मूठ उघडली का काय नाय."

तेव्हापासून दिशा मूठ मिटून झोपत असे. सराव म्हणून.

आणि सोमवारी आजोबांना सर्दी झाली. "रविवारपर्यंत गेली तर जाऊ," ते नाकात बोलले. म्हणून मंगळवारी दिशाच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. आई-बाबा फुलं घेऊन पहाटेच बाजारात गेले होते.

डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला. "विषाणूची सर्दी आहे, बाबा. हिच्यावर गोळी नसते. आठवडाभर राहते आणि आपली आपण जाते. गरम पाणी प्या, झोप काढा."

"एवढं मला घरी पण ठाऊक होतं," आजोबा म्हणाले. "गोळी द्या."

"गोळी नसते म्हणतोय ना."

आजोबा उठेनात. बाहेर बाकावर खोकणाऱ्यांची रांग वाढत चालली. शेवटी डॉक्टरांनी खणातून वीस गोळ्या काढून दिल्या. "बी-कॉम्प्लेक्स. जीवनसत्त्वाच्या. यांनी सर्दी जात नाही, तुम्ही जावं म्हणून देतोय. दिवसाला एकच."

घरी आल्यावर आजोबांनी गोळी उन्हात धरून पाहिली. "दिशा, झेंडूवर करपा पडला तर आपण एक फवारणी करून गप बसतो का?"

"नाही. आठवड्यात दोनदा मारतो."

"मंग?"

मग दिशाने सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन गोळ्यांची पाळी लावली. तुम्ही असं करू नका. डॉक्टरांनी एक सांगितली, की एकच. आपण काही झेंडू नाही. पण दिशाला रविवार दिसत होता. आजोबांना अख्खी गोळी गिळवत नसे, म्हणून ती मोडून तिचे दोन तुकडे करून द्यायची. त्याच संध्याकाळी चुलीपाशी चतुराबाई आजी शिंकली.

"फोडणीचा ठसका," आजोबांनी खाटेवरून निदान केलं.

बुधवारी सकाळी आजोबा बांधावर जाऊन आले ते अगदी हळू चालत.

"ऐकलं का," ते आजीला म्हणाले, "मला कावीळ झाली."

"कशावरनं?"

"लघवीवरनं. झेंडू फिका पडला तिच्यापुढं."

आजीने विळी बाजूला सारली आणि वस्तीवरच्या मल्हारीला बोलावणं धाडलं. मल्हारी काविळीची माळ द्यायचा. त्याने आजोबांची पापणी खाली ओढली.

"डोळे तर पांढरेच दिसतात," दिशा म्हणाली.

"डोळ्यापर्यंत चढली नाय अजून," मल्हारी म्हणाला. "वेळेवर बोलावलं तुमी."

त्याने मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफले आणि ती इवलीशी माळ आजोबांच्या डोक्यावर ठेवली. गाठी रोज सैल होत जाणार, माळ वाढत जाणार. ती अंगावरून उतरून पायांशी आली, की कावीळही उतरली. तोवर तेल बंद, हळद बंद, उसाचा रस दोन वेळा. "आन् नदी ओलांडायची नाय," जाता जाता मल्हारी म्हणाला.

दिशाच्या हातातला पेला तसाच राहिला. रेल्वे स्टेशन गोदावरीच्या पलीकडे होतं.

त्यानंतरचे दिवस धुक्यातून चालल्यासारखे गेले. आजोबा डोक्यावर माळ घेऊन खाटेवर पडलेले, पोक्त नवरदेवासारखे. आजी सकाळ-संध्याकाळ बरणी घेऊन नाक्यापर्यंत चालत जाई आणि रस आणी. कावीळ झालेल्या माणसाला ताकद हवी, म्हणून गोळ्या चालूच राहिल्या. गोळ्या चालू म्हणून बांधावरचा रंगही चालूच राहिला. दुपारी दिशाचा डोळा लागला, तेव्हा तिला फलाटावर तिची वाट पाहत उभा असलेला ढग दिसला. तोसुद्धा पिवळा पडला होता.

गुरुवारी घरात फोडणी नव्हती. वरण पांढरं, भाजी पांढरी. तरी आजी शिंकली.

"आता तर ठसका नाही," दिशा म्हणाली.

"सवय लागली तिला," आजोबा म्हणाले.

शनिवारी सकाळी दिशाने ओल्या हाताने गोळी मोडली आणि तिचा तळहात पिवळा झाला. आपल्यालाही झाली, असं वाटून ती मोरीकडे धावली. पण हात धुतला तर कावीळ गेली. ती मोरीतच उभी राहिली आणि बराच वेळ तळहाताकडे पाहत राहिली. मग तिने काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, गोळी चुरून टाकली आणि पेला ओट्यावर ठेवला. तेवढ्यात ढगाआडून ऊन आलं. पेला आतून दिवा लावल्यासारखा पिवळा झाला, ओटा पिवळा झाला, मांजराची मिशीसुद्धा पिवळी झाली.

माळ बघायला मल्हारी आलाच होता. दिशाने पेला त्याच्यासमोर धरला. "मल्हारीकाका, याला कावीळ झालीय का?"

मल्हारीने पेल्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. "पण माळ तं वाढली ना? म्हंजी गुण आला."

आजोबांनाही पटलं, पण अर्धंच. "कावीळ ऱ्हाऊ दे. सर्दी तर गोळ्यांनीच गेली. आज नाक मोकळं हाय माझं."

दिशा स्वयंपाकघरात गेली. "आजी, तुझी सर्दी कधी गेली?"

आजीने जरा आठवून पाहिलं. "आज शेण काढताना वास आला बाई. म्हंजी गेलीच असंल."

"मग तू काय घेतलं होतंस?"

"घ्यायला सवड कुठं व्हती?"

पडवीत हे सगळं ऐकू गेलं. आजोबांनी रसाचा पेला उचलला, त्यात पाहिलं, आणि एक घोट घेतला. रस गोड होता. खाट मऊ होती.

"तरी पण," ते म्हणाले, "घातलेली माळ मधीच काढत नायत. पायाशी येऊ दे."

"आणि रविवार?" दिशाने बाहेर येत विचारलं.

आजोबांनी माळेला हात लावून दाखवला.

"मग आजी येईल," दिशा म्हणाली.

"मी?" आजी दारात आली. "आन् सैपाक? शेण?"

"आजोबा आहेत ना घरी. त्यांना नदी ओलांडायची नाही. उंबरा ओलांडून चुलीपर्यंत जायला कुठं मनाई आहे?"

मल्हारीने तंबाखू मळत मान हलवली. "चुलीचं काय बंधन नाय."

रविवारी पॅसेंजर देवळाली सोडून पुढे गेली तशी भातखाचरं हिरवी होत गेली, मग पांढरी, मग दिसेनाशीच झाली. इगतपुरी आलं. ढग खरंच फलाटावर उतरला होता. तो खिडकीतून आत आला आणि आजीच्या मांडीवर बसला. आजीने दोन्ही हातांनी त्याला धरलं, ओंजळ उघडून पाहिली, आणि ती हसली. दिशाने आजीला इतकं रिकाम्या हातांनी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग आजी शिंकली.

दिशाच्या फ्रॉकच्या खिशात उरलेल्या गोळ्या होत्या. आजोबांनी आठवणीने दिल्या होत्या. तिने खिशात हात घातला आणि तो तसाच बाहेर काढला. उठून खिडकी अर्धी खाली ओढली. आजीच्या तोंडाकडे पाहिलं; आजी अजून ढगाकडेच बघत होती. खिडकी परत वर सारली, आणि आपल्या गळ्यातला रुमाल सोडून आजीच्या कानांभोवती घट्ट बांधला.