आमच्या जेवणाच्या टेबलाखालचे रुग्णालय

माणूस आजाराला भितो त्याहून दवाखान्याला जास्त भितो, हे आता सर्वमान्य झाले आहे. (सर्व म्हणजे मी आणि आमचे हे.) त्यातही चार वर्षांच्या माणसाची भीती जास्त प्रामाणिक असते. दवाखान्याचा जिना दिसला की आमची नात कठडा धरते, आणि मग कठडा आणि ती यांना वेगळे करायला दोन मोठी माणसे लागतात. तिचा कान बरेच दिवस ठणकत होता. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना कान सोडून पडजिभेपर्यंत सगळे दिसले. "आता कान बघू दिला नाही, तर ऐकू यायचंच कमी होईल," अशी तंबी घेऊन सून घरी आली.

"आई, शुक्रवारपर्यंत तिच्याशी डॉक्टर-डॉक्टर खेळा," ती मला म्हणाली. "बाहुलीच्या कानात टॉर्च मारायची, 'झालं' म्हणायचं. एवढंच हं. जास्त काही करू नका."

जास्त काही करणारी मी नव्हेच. माझे रोजचे नेम ठरलेले आहेत: पहाटे जप, न्याहारीपर्यंत मौन आणि दिवसभर कोणाच्या कामात नाक न खुपसणे. (पहिले दोन कडक पाळते, तेव्हा तिसऱ्यात थोडी सवलत मिळावी, असा माझा अर्ज वरच्या दरबारी पडून आहे.)

पहिल्या दिवशी मुलांनी टेबलाखाली आपला आपण दवाखाना थाटला. शेजारणीच्या जुळ्यांतली थोरली डॉक्टर, धाकटा पेशंट, नात नर्स. बाहुलीच्या पोटावर डबीचे झाकण टेकवले, कानात टॉर्च मारली, "झालं, ऊठ!" म्हणून उठवले. मग दुसरी बाहुली, मग धाकटा, मग मांजर. चहा उकळेपर्यंत शंभर टक्के रुग्ण बरे.

"ह्याला काय दवाखाना म्हणतात?" हे चष्मा वर सारत म्हणाले. "कोणी थांबलंच नाही!"

यांची सारी नोकरी खिडकीच्या आतल्या बाजूला गेली आणि जनतेची बाहेरच्या. त्यामुळे या विषयात यांचा शब्द अखेरचा. मला तर उणिवा दिसतच होत्या.

त्याच दुपारी सुधारणा सुरू झाल्या. घरातल्या साऱ्या खुर्च्या बोळकांडीत ओळीने लागल्या. पुठ्ठ्याचे नंबर झाले. (लहानाला कितवा म्हणजे काय ते कळत नाही, मोठ्यांनाही आपला नंबर येईपर्यंत कळत नाही.) खोक्याला भोक पाडून खिडकी केली आणि तिच्यामागे हे बसले. "चपला बाहेर" आणि "चौकशी करू नये" अशा पाट्या लागल्या. पेशंटना हळू आवाजात "बसा हं, बसा" म्हणण्याचे खाते माझ्याकडे आले, कारण माझा आवाज जन्मतःच मऊ आहे. डॉक्टर फारच भराभर तपासते, त्याने रांग राहत नाही, म्हणून तिची नंबर पुकारण्यावर बदली झाली. तिच्या खुर्चीवर माझा पांढरा स्वेटर टांगला. टॉर्च यांनी खिडकीत ठेवून घेतली, कारण खोक्यात अंधार पडे.

निकाल डोळ्यांत भरण्याजोगे होते. नातीला दवाखान्याची गोडीच लागली. उठल्याबरोबर नंबर घेऊन ती खुर्चीत पाय हलवत बसे आणि शेजारच्या बाहुलीला सांगे, "रडायचं नाही. इथं काही करत नाहीत."

"बघ," हे मला म्हणाले, "भीती मुळासकट गेली." सुनेला काही सांगितले नाही. शुक्रवारी तिला एकदमच आनंद व्हावा!

शुक्रवारी नात जिना धावत चढली. कठड्याकडे ढुंकून पाहिले नाही. बाकावर बसली, रडणाऱ्या एका बाळाला "शू" केले. सुनेने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी मनातल्या मनात नमस्कार स्वीकारला. मग नंबर पुकारला गेला. दार उघडले. नात दोन पावले आत गेली आणि कमरेत वाकून किंचाळली,

"आजीऽऽ! आत खरंच कोणीतरी आहे!"

आणि तिने दाराची चौकट धरली.

सून पुढे झाली. तिने डॉक्टरीणबाईंची टॉर्च मागून घेतली आणि नातीच्या हातात दिली. "माझा कान बघ गं आधी. काय दिसतंय?" नातीने हुंदके देत आईच्या कानात पाहिले. "मळ," ती म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंचा कान पाहिला. मग डॉक्टरीणबाईंनी तिचा पाहिला. आत सूज होती. वेळेवर आलात, औषधाने उतरेल, म्हणाल्या. बाहेरच्या बाळाचे रडणे थांबायच्या आत सगळे उरकले.

घरी येताना सून एवढेच म्हणाली, "आई, एवढंच सांगितलं होतं."

नात आता जुळ्यांबरोबर दुसरेच काही खेळते. आमचा दवाखाना मात्र मोडवला नाही. संध्याकाळी यांचे दोन दोस्त येतात, नंबर घेतात, गप्पा मारतात आणि समाधानाने घरी जातात. जिना चढताना माझ्या छातीत अलीकडे काहीतरी फडफडते, त्यासाठी मीही तिथेच बसते. आणि तुम्ही हसताय कशाला? "जरा सवड झाली की दाखवून येऊ" म्हणत तुम्ही घरच्यांपासून लपवलेले ते जे काही आहे, ते घेऊन खुशाल आमच्याकडे या. बसायला खुर्ची मिळेल, आणि आत कोणी नसल्याची पक्की हमी मिळेल.