आधी डॉक्टर, मग किल्ली

मळवलीच्या बंगल्यावर शनिवारी पाहुणे उतरले की आमचे आबा किल्ली खिशातच ठेवतात आणि आधी विचारतात, "तुमच्यात डॉक्टर कोन हाय?" पाहुणे दोन पावलं मागेच सरतात. एक कुटुंब तर आत कुणाला काहीतरी झालंय असं समजून परत गाडीत जाऊन बसलं होतं.

आबा म्हणजे माझे चुलते, त्या बंगल्याचे राखणदार. काकू गेल्या, मूलबाळ नाही. नर्सिंग करून मी लोणावळ्याच्या दवाखान्यात लागले आणि बंगल्यामागच्या खोल्यांत त्यांच्याजवळ राहायला आले. पुढे एम.एस्सी. करायचं नक्की होतं. लगेच जावं की आणखी अनुभव घ्यावा, एवढंच ठरत नव्हतं. ते काम आबांनी परस्पर अंगावर घेतलं.

"पोरगी माझी, पन मत जानत्याचं पायजे," हे त्यांचं पालुपद. डॉक्टर सापडला की त्याला चुलीवरचं गरम पाणी, पिठलं-भाकरी आणि मग प्रश्न. दातांचा असला तरी चालायचा. एक जनावरांचा निघाला तेव्हा मात्र आबा अडखळले. "त्याचं निम्मं धरू," म्हणाले.

पाहुणे गेले की संध्याकाळी आबा बाही वर सारून बसत. त्यांचं बीपी बघता बघता मी विचारायची, "काय म्हणाले डॉक्टर?"

"थांब म्हनत्यात. घाई नगं."

दर वेळी हेच. साध्या सर्दीवर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, माझ्याबाबतीत मात्र सगळ्यांचं कसं झालं, याचं मला भारी कौतुक वाटायचं!

मग एकदा जवळच्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर पाय मुरगळलेल्या एक डॉक्टरीणबाई आमच्या दवाखान्यात आल्या. मी पट्टी बांधत होते. गप्पांत मळवलीचं नाव निघालं तशा त्या उसळल्याच. "पिठलंवाल्या आबांची पुतणी तूच? अगं, अजून इथेच? मी त्यांना बजावलं होतं, आत्ताच पाठवा म्हणून!"

मी तणतणत घरी आले. आबा बाही सारून तयारच होते.

"आबा, खरं सांगा. किती डॉक्टर 'जा' म्हणाले?"

"समदेच," म्हणाले. "जनावरांचासुदिक."

"मग मला उलटं का सांगितलंत?"

"पावनं शनवारी येत्यात, रईवारी जात्यात. तू तेवढी सोमवारीबी असतीस."

माझा राग कुठल्या कुठे गेला. हसू आणि रडू एकदमच आलं. बीपी बघून झाल्यावर बाही खाली करत आबाच म्हणाले, "उद्या अर्ज भर. मी काय, हितंच हाय."

आता मी पुण्यात शिकते. गेल्या शनिवारी न सांगता मळवलीला गेले, तर आबा माझ्याकडे पाठ करून पाहुण्यांसमोर उभे. किल्ली अर्थातच खिशात. एका गृहस्थांनी घाबरत हात वर केला.

"मग सांगा सायेब," आबा म्हणाले, "येमेस्सी झालेल्या नर्सला लोनावळ्यात नोकरी मिळंल का?"

साहेबांच्या आधी मीच मागून ओरडले, "मिळेल की!"

आबांनी वळून पाहिलं आणि पाहुण्यांना तसंच उभं ठेवून बाही वर सारायला घेतली.