उपकरणासह स्वावलंबी

माणूस स्वतःच्या पायावर उभा आहे की नाही, हे त्याच्या पायांवरून ठरत नाही. ते ठरवायला दुसरं माणूस घरी यावं लागतं, त्या माणसाला त्याबद्दल पगार असावा लागतो, आणि त्याने लावलेला आकडा ऑफिसात बसलेल्या तिसऱ्याला पटावा लागतो. ज्या देशात एवढी सोय आहे तो पुढारलेला समजावा. पश्चिम मिनेसोटात, जिथे सपाट जमिनीवर धान्याच्या कोठारापेक्षा उंच काही नाही, ही सोय फार छान चालते.

ऑर्व्हिल टॉलेफसन हा त्याच कोठाराचा निवृत्त मॅनेजर. आसपासच्या गावांचा मका आणि सोयाबीन त्याच्या नजरेखालून गेला. ट्रक काट्यावर चढायच्या आत तो वजन सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. मात्र लग्न झाल्यापासून त्याने स्वतःचे मोजे कधी स्वतः घातले नव्हते. त्याची बायको अर्लिस रोज सकाळी पलंगापाशी गुडघे टेकायची. मुलं लहान असताना त्यांना वाटायचं, आई प्रार्थना करते. (करायचीही. एकदा खाली बसल्यावर ती दोन्ही कामं उरकून घ्यायची.)

मार्चमध्ये चर्चच्या आवारात बर्फावरून घसरून ऑर्व्हिलचा खुबा मोडला. डॉक्टरांनी सांधा बदलला, झकास बदलला, आणि त्याला घरी पाठवलं. सरकारी विम्याने मग रीतीप्रमाणे घरपोच सेवा देणाऱ्या एका कंपनीला कळवलं, आणि कंपनीकडून केंड्रा नावाची थेरपिस्ट आली. रुग्ण कितपत चालतो, अंघोळ, कपडे, खाणंपिणं कितपत आपलं आपण करतो, हे पाहून आकडे लावायचे आणि मग त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचे, हे तिचं काम.

आकडे एक ते सहा. सहा म्हणजे माणूस सगळं स्वतः करतो. एक म्हणजे सगळं दुसरं कोणीतरी करतं. मधल्या आकड्यांत मदत वाटून दिलेली आहे. या पद्धतीचा मोठेपणा असा, की रुग्ण काय करू *शकेल* हे ती विचारतच नाही. तो रोज खरोखर काय *करतो*, तेवढं बघायचं. रुग्णाच्या तोंडी सांगण्यावर विसंबायचं नाही, डोळ्यांनी पाहायचं. आणि तो एखादी गोष्ट का करत नाही, याला कागदावर जागाच ठेवलेली नाही. यामुळे पुष्कळ घरांतली शांतता टिकून आहे.

केंड्राने ऑर्व्हिलला खुर्चीवर बसवलं आणि मोजे घालून दाखवायला सांगितलं.

ऑर्व्हिलने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "अर्लिस, अगं, या बाई मोजे मागतायत."

अर्लिस हात पुसत आली, मोजे घेऊन खाली बसली आणि नेहमीच्या सफाईने चढवून मोकळी झाली. केंड्राने विचारलं, ऑपरेशनच्या आधी हे कोण करायचं?

"मीच."

"म्हणजे खुबा दुखायला लागल्यापासून?"

"म्हणजे लग्न झाल्यापासून," अर्लिस म्हणाली.

मग केंड्रा एकेक विचारत गेली आणि अर्लिस एकेक सांगत गेली. बाह्यांची बटणं तीच लावायची. अंघोळीचं पाणी किती गरम हे ती आधी हात घालून बघायची, टॉवेल दारावर टाकायची, नंतर भिजलेला टॉवेल जमिनीवरून उचलायची. ताटातलं मांस तीच कापून द्यायची, कारण ऑर्व्हिलला कापायला लागलं की जेवणातली मजा जाते. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट तिला जरा चमत्कारिकच वाटत होतं. एवढ्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारून लिहून घेणं तर दूरच.

नियमाप्रमाणे केंड्राने एकाखाली एक सगळे एक लिहिले. तिने काही चुकीचं केलं नाही. नव्वद टक्के सुदृढ असलेला हा गृहस्थ शंभर टक्के परावलंबी होता, आणि हे असं होऊ शकतं हे फक्त अचूक मोजमापालाच कळतं.

ऑफिसात लुंडीनसाहेब ते आकडे पाहून खूश झाले. ते कंपनीचे गुणवत्ता-प्रमुख होते. रुग्ण जितका खालून सुरू होईल तितका विमा जास्त देतो, आणि जितका वर जाऊन संपेल तितका कंपनीचा लौकिक वाढतो. (शाळेतल्या 'ढ' मुलाला हेच तत्त्व लागू असतं, पण त्याच्या बापाला कोणी पैसे देत नाही.) सोमवारच्या बैठकीत त्यांनी केंड्राला उभं करून तिचं कौतुक केलं. इतका अचूक परावलंबी माणूस या भागात पूर्वी सापडला नव्हता, असं ते म्हणाले.

त्यानंतर केंड्रा नियमाने येत राहिली. ऑर्व्हिल अंगणात चालू लागला, पायऱ्या चढू लागला, आणि लवकरच पेट्रोल पंपावरच्या कॅफेत मित्रांसोबत कॉफी प्यायला जाऊ लागला. तिथे तो आपल्या ऑपरेशनबद्दल तासन्‌तास बोलायचा. घरी मात्र मोज्यांची वेळ झाली की तो खुर्चीत बसून पाय पुढे करायचा. न वाकता मोजा चढवता यावा म्हणून केंड्राने त्याला दोऱ्या लावलेली प्लॅस्टिकची पन्हाळी आणून दिली. ऑर्व्हिलने ती खिडकीबाहेर टांगून तीत चिमण्यांना दाणे घातले. बुटात टाच सरकवायला लांब दांड्याचं शूहॉर्न दिलं, ते पाठ खाजवायला फार सोयीचं निघालं. केंड्राने एकदा त्याला समोर बसवून समजावलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पोरी, माझा खुबा बदललाय. स्वभाव नाही."

या दिवसांत अर्लिस उजवा हात वर न्यायचं टाळत होती. केस ती डाव्या हाताने विंचरायची. वरच्या फळीवरची पातेली तिने हळूहळू सगळी खाली आणून ठेवली. तिची बहीण व्हर्ना दर उन्हाळ्यात तिला डुलुथला, सरोवराकाठी राहायला बोलवायची, आणि दर उन्हाळ्यात अर्लिस म्हणायची, ऑर्व्हिलच्या जेवणाचं काय? केंड्राने तिच्या खांद्याचं ऑफिसात कळवलं. उत्तर आलं, की सदर बाई आपल्या रुग्ण नाहीत. त्यांची नोंद 'काळजी घेणारी व्यक्ती : उपलब्ध व इच्छुक' अशी आहे. (उपलब्ध होती, कारण दार तिने उघडलं. इच्छुक होती, कारण दार तिने बंद केलं नाही.)

मे अखेरीस सेवा संपायची वेळ आली. शेवटची तपासणी करून केंड्राने पुन्हा एकाखाली एक सगळे एक लिहिले. फक्त चालण्याचा आकडा तेवढा वाढला. लुंडीनसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. इतके दिवस सेवा देऊन रुग्ण होता तिथेच राहिला, हे कंपनीच्या नावाला शोभणारं नव्हतं. केंड्रा म्हणाली, बायको अजून सगळं करते, मी डोळ्यांनी पाहिलंय. साहेब म्हणाले, खोटं लिही असं मी कधी सांगितलंय का? नियम तेवढा नीट वाच. माणूस काठी, वॉकर, पकड, असं एखादं उपकरण वापरून काम करत असेल, तर उपकरणामुळे त्याचा आकडा कमी होत नाही. उपकरणासह तो स्वावलंबीच.

"पण तो कुठलंच उपकरण वापरत नाही," केंड्रा म्हणाली.

"घरात जे आहे ते वापरत असेल."

"घरात अर्लिसबाई आहेत."

लुंडीनसाहेबांनी थोडा विचार केला. "रोज तेच वापरतो?"

"रोज."

"मग झालं तर."

केंड्रा घासाघीस करून थकली होती आणि त्या दिवशी तिच्या पुढ्यात आणखी चार घरं होती. तिने सगळीकडे सहा लिहून सही केली. (माणसाची तत्त्वं दुपारी दोननंतर मऊ पडतात, असं आमचं निरीक्षण आहे.) पण ते तिच्या मनाला डाचत राहिलं. दुसऱ्या दिवशी शेवटचे कागद द्यायला ती टॉलेफसनांकडे गेली, तेव्हा ऑर्व्हिल कॅफेत होता. तिने अर्लिसला सगळं सरळ सांगून टाकलं.

अर्लिस कॉफीचा कप बशीत फिरवत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो आता सगळं स्वतः करतो, असं सरकारदरबारी लागलं?"

"लागलं."

"आणि मी?"

"तुम्ही... उपकरणात," केंड्रा म्हणाली आणि तिचे कान लाल झाले.

अर्लिस रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, की सेवा संपल्यावर उपकरणं घरात ठेवतात की परत नेतात? केंड्रा म्हणाली, बहुतेक परत नेतात.

"हं. मग बरोबर आहे," अर्लिस म्हणाली, आणि उठून तिने व्हर्नाला फोन लावला.

शनिवारी व्हर्नाचा जावई गाडी घेऊन आला. अर्लिसने ऑर्व्हिलचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावला आणि बॅग उचलली, डाव्या हाताने. ऑर्व्हिलला वाटलं, चर्चच्या कसल्यातरी कामाला चाललीय. त्याने विचारलं, "संध्याकाळपर्यंत येशील ना?"

"तू स्वावलंबी झालायस, ऑर्व्हिल," ती म्हणाली. "वाच, फ्रिजवर लावलंय."

डुलुथच्या डॉक्टरांनी तिचा खांदा तपासला. आतला स्नायू कधीचाच फाटलेला होता, इतकी की एवढे दिवस काम कसं केलंत, असं त्यांनी विचारलं. जुलैमध्ये ऑपरेशन झालं. हात गळ्यात बांधून ती व्हर्नाच्या ओसरीत बसून राहायची, सरोवरावरच्या बोटी बघायची. पहिले काही दिवस तिला सारखं कुणीतरी हाक मारतंय असं वाटून दचकायला व्हायचं. मग ते थांबलं.

इकडे पहिला आठवडा ऑर्व्हिलने चर्चच्या बायकांनी आणून दिलेल्या हॉटडिशवर काढला. बटाटे, खिमा आणि डबाबंद सूप यांच्या त्या थरांवर आमच्याकडे कोणीही जगू शकतं. पण अर्लिस आजारी नाही, नुसती बहिणीकडे गेलीय, हे कळल्यावर डिश येणं बंद झालं. बिनमोज्यांचा बूट घालून त्याच्या टाचेला फोड आला. तेव्हा त्याने कंपनीला फोन करून तक्रार केली, की मला बरं केलं होतं ते पुन्हा बिघडलंय.

बरा केलेला रुग्ण महिन्याच्या आत बिघडणं कंपनीला परवडत नाही. लुंडीनसाहेबांनी थेट डुलुथला फोन लावला. आधी तब्येत विचारली, मग हवापाणी, मग अगदी अदबीने म्हणाले, की रुग्णाला ज्याच्या आधारावर स्वावलंबी ठरवलं, ते घरात नसल्याने जरा अडचण झालीय. तर साधारण केव्हा परत येणं होईल?

"उपकरण दुरुस्तीला आलंय," अर्लिस म्हणाली. "नवीन मिळतंय का बघा." आणि तिने फोन ठेवला.

साहेबांनी केंड्राला पाठवलं. ती जायला धजत नव्हती. दार ऑर्व्हिलनेच उघडलं. शर्टाची बटणं एक घर वरखाली लागली होती. पायांत मोजे होते, एक काळा आणि एक तपकिरी. तव्यावर अंडं करपत होतं, ते त्याने तिच्यादेखत ताटलीत घेतलं, कडा कापून टाकल्या आणि उभ्या उभ्या खाल्लं. मग पाय पुढे करून म्हणाला, "बघ." लहान पोराने पहिला दात दाखवावा तसा तो पाय दाखवत होता. पन्हाळीतले दाणे झटकून त्याने ती वापरायला काढली होती.

खरी सुधारणा अशी त्या कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडली होती. केंड्राने ती नोंदवायला घेतली, तेव्हा अडचण लक्षात आली. कागदावर हा माणूस मे महिन्यापासूनच सहावर होता, आणि सहाच्या वर आकडा नाही. लुंडीनसाहेबांनी 'स्थितीत फरक नाही' असा शेरा मारून प्रकरण मिटवलं.

अर्लिस सप्टेंबरात परतली. पहिल्या सकाळी ऑर्व्हिल सवयीने खुर्चीत बसला आणि त्याने पाय पुढे केले. तिने समोर दुसरी खुर्ची ओढली, बसली आणि आपले पाय पुढे केले. हात अजून गळ्यात होता. बराच वेळ दोघं एकमेकांच्या तळव्यांकडे बघत राहिले. शेवटी वाकला तो ऑर्व्हिल, कारण घरात दुसरं उपकरण नव्हतं. तिच्या डाव्या मोज्याची टाच त्याने घोट्यावर आणून ठेवली. ती तशीच दिवसभर वावरली.

ही तपासणी करायला कंपनीच लागते असं नाही. ज्या वाचकांना ऑर्व्हिलचं हसू आलं, त्यांनी जागचं न उठता एवढंच सांगावं : घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं, आणि ते किती उरलंय? नियम ठाऊक आहेच, तुम्हाला काय करता *येईल* हे कोणी विचारलेलं नाही. (आठवत नसेल तर खुशाल आत हाक मारा. उपकरण अजून जागेवर आहे की नाही, तेवढं तरी कळेल.)