आधी पाटी, मग ताट

परसूअण्णा कुठल्याही हॉटेलात शिरायच्या आधी चष्मा लावतात. मेन्यू वाचायला नव्हे, पाटी वाचायला. रस्त्याच्या अलीकडे उभं राहून, मान वर करून, पाटीच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत सावकाश वाचतात. पाटीवर मराठीची एक जरी ओळ असली तर चष्मा खिशात आणि अण्णा आत. नसली तर चष्मा खिशात आणि अण्णा उपाशी घरी. "आधी पाटी, मग ताट," हे त्यांचं तत्त्व. बेळगावात राहून हे तत्त्व पाळायचं म्हणजे काय हाल होतात, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इथे पाटीवर कन्नड मोठं लागतं, तसा नियमच आहे. उरलेल्या जागेत मराठी बसवायची की इंग्रजी, हे ज्याच्या त्याच्या धंद्यावर. आणि धंदा हल्ली इंग्रजीकडे बघून चालतो.

अण्णा बेळगावच्या शहापुरात आमच्या शेजारी राहतात. जन्मभर पॉवरलूमवर साड्या विणल्या. त्या खडखडाटात कान गेले, म्हणून कानात सांगायची गोष्टही ते गल्लीला ऐकू जाईल अशी सांगतात. तरुणपणी सीमालढ्यात लाठी खाल्ली, हिंडलग्याच्या जेलात राहून आले. तेव्हाचे त्यांच्या बरोबरचे लोक पुढे नगरसेवक झाले, कंत्राटदार झाले, त्यांची नातवंडं बेंगळूरला गेली. अण्णांकडे तेवढं तत्त्व उरलं. मुलगा पुण्यात आहे. तो दर सुट्टीत येऊन चला म्हणतो आणि अण्णा दर सुट्टीत त्याला हाकलून लावतात. "पुण्यात मराठी बोलण्यात काय मोठेपण? थितं कुत्रं पण मराठीत भुंकतंय."

गंगाआक्का, म्हणजे अण्णांची बायको, होती तोवर या तत्त्वाची झळ पोटाला लागली नाही. ती गेली आणि अण्णांना बाहेर जेवायची वेळ आली. त्यांना स्वयंपाक येत नाही. शिकायची तयारीही नाही.

पहिल्यांदा कोपऱ्यावरची खानावळ होती. तिची मराठी पाटी आधी अर्धी झाली, मग एका ओळीची झाली आणि फ्लेक्स आला तेव्हा ती ओळही गेली. अण्णा पलीकडच्या खानावळीत गेले. तिथेही तेच झालं. मग मिठाईचं दुकान गेलं आणि कुंदा बंद झाला. बेळगावात राहून कुंदा न खाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या घरचं जेवण तर त्याआधीच बंद पडलं होतं, कारण माझ्या मुलाने शाळेत पहिली भाषा कन्नड घेतली. मी समजावायला गेलो की त्याला इथेच नोकरी बघायची आहे. अण्णा म्हणाले, बघू दे की, मी कुठं नको म्हटलंय, फक्त तुझ्या घरचा भात मला उतरणार नाही. माझी बायको दोन दिवस रडली. तेव्हापासून मला त्यांचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

असे एकेक दार बंद करत अण्णा शेवटी शेजारच्या वडगावातल्या रेणुकाच्या खिडकीशी येऊन पोचले.

रेणुका विणकराचीच मुलगी, घरात कन्नड बोलणाऱ्यांपैकी. शिष्यवृत्ती मिळवून तैवानला शिकायला गेली. तिथे कॉलेज कमी केलं आणि संध्याकाळच्या बाजारात एका म्हातारीच्या गाड्यावर काम जास्त केलं. परत आली ती नोकरीचं नाव न काढता. बापाचा हातमाग बंद पडून होता, तो तिने विकला, मागाचा खड्डा बुजवला आणि त्यावर गॅसची शेगडी मांडली. रस्त्याकडची खिडकी मोठी करून घेतली. तिथून तैवानचं जेवण पार्सल मिळायला लागलं, खानावळीच्या थाळीपेक्षा स्वस्त. कॉलेजची पोरं फोनवर मागवायची. आणि पैसे वाचवायचे म्हणून रेणुकाने पाटी लावलीच नव्हती.

पाटीच नाही म्हटल्यावर अण्णांचं तत्त्व अडेना. कन्नड नाही, इंग्रजी नाही, मराठी नाही म्हणून तक्रारही नाही. त्यांनी चष्मा लावून नुसती भिंत वाचली आणि पुढे होऊन विचारलं, "काय हाय खायाला?"

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी तिथे. बसायची सोय नव्हती, म्हणून शेजारच्या बंद सायकल दुकानाच्या पायरीवर बसून खायचे. पतसंस्थेतली नोकरी आटपून घरी जाताना मीही कधीमधी थांबायचो. रागावलो असलो तरी शेजारी आहे. शिवाय मला तो भात आवडायचा. काळसर, गोडूस रश्श्यात शिजवलेला कोंबडीचा खिमा भातावर ओतलेला, बाजूला चहा-मसाल्याच्या पाण्यात मुरवलेलं अंडं. अण्णा पहिल्या घासाला म्हणाले, गूळ जास्त झालाय. दुसऱ्या दिवशी घरून कांदा-लसूण चटणीची डबी घेऊन आले आणि रेणुकाच्या डोळ्यांदेखत भातावर पालथी केली. रेणुका भडकली. तिच्या म्हातारीने शिकवलेल्या भाताचा हा अपमान होता. पुढे आठवडाभर ती अण्णांना चटणी घालू देईना आणि अण्णा चटणीशिवाय खाईनात. शेवटी ठरलं की पहिले दोन घास तैवानचे आणि बाकीचा भात शहापूरचा.

अंड्याला चहा कशाला पाजायचा, हे अण्णांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण चहात साबुदाण्याच्या काळ्या गोळ्या घालून देतात हे कळल्यावर ते खूश झाले. साबुदाणा, दूध, साखर, चहा. चारही उपवासाला चालतात. त्या महिन्यापासून अण्णांची संकष्टी तैवानच्या चहावर व्हायला लागली. जाड नळीतून गोळ्या ओढत ते पायरीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की त्या लोकांचं बाकी काही असू दे, उपवासाचं त्यांना कळतंय.

एकदा त्यांनी रेणुकाला तो देश नेमका कुणाचा म्हणून विचारलं. तिने सांगितलं की तिथले लोक म्हणतात आमचा आम्ही, आणि शेजारचा मोठा देश म्हणतो हा आमचाच. अण्णांनी भाताचा डबा खाली ठेवला.

"किती वर्सं झाली?"

लई झाली, रेणुका म्हणाली.

"केस कुठल्या कोर्टात हाय?"

केस नाही, असं ऐकल्यावर अण्णांना फार वाईट वाटलं. आपली सीमेची केस निदान कोर्टात तरी आहे, तारीख तरी पडते. त्या बिचाऱ्यांना तारीखसुद्धा नाही. पुढे एक नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनाला त्यांनी दंडाला काळी फीत बांधली आणि एक फीत रेणुकाला नेऊन दिली, तुझ्या म्हातारीला पाठव म्हणून. रेणुका माझ्याकडे बघून हसली. घेतली मात्र, ड्रॉवरमध्ये ठेवली. रेणुका त्यांच्याशी नेहमी मराठीतच बोलायची, जपून, शब्द शोधत. अण्णांपुढे कन्नड काढायची नाही हे वडगाव-शहापुरात लहान पोरांनाही ठाऊक होतं.

मग पाटीचा प्रश्न आलाच. दुकान चालायला लागलं की पाटी मागतात. पालिकेचा माणूस दोनदा येऊन नीट सांगून गेला. अण्णांच्या कानावर गेलं त्या दिवशी त्यांनी चटणीची डबी उघडलीच नाही. माणसाची एवढी एकच खिडकी उरलेली आणि तीही आता जाते की राहते, हे एका फ्लेक्सवर ठरणार होतं. निघताना त्यांनी रेणुकाला सांगितलं, मराठीत एक ओळ टाक. खाली, बारीक टाकलीस तरी चालंल. अण्णांनी बारीक चालेल असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

रेणुकाने ओळ टाकली. मी स्वतः तिच्या मोबाईलवर पाटीच्या नमुन्यात बघितली होती. पण छापणाऱ्याकडे कन्नड बसलं, इंग्रजी बसलं, फोन नंबर बसला, पैसे भरायचा चौकोन बसला आणि शेवटी साबुदाण्याच्या चहाचं चित्र बसवायला जागा पुरेना. त्याने मराठीची ओळ उडवली आणि तिथे चित्र लावलं. गिऱ्हाईक चित्र बघून येतं, असं तो म्हणाला. रेणुका भांडून आली. दिवाळीला नवीन करून देतो असं कबूल करून घेतलं. तोवर हीच पाटी.

संध्याकाळी अण्णा आले. मी पायरीवर होतो. रेणुकाने त्यांना लांबून बघूनच भात भरायला घेतला होता. अण्णा रस्त्याच्या अलीकडे थांबले, चष्मा लावला, मान वर केली. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. इतका वेळ त्यांना कुठल्याच पाटीला लागलेला मी बघितला नव्हता. मग चष्मा खिशात घालून ते वळले. मी मागे धावलो. तिने ओळ टाकली होती, मी डोळ्यांनी बघितलीय, असं सांगितलं.

"बाळू, जल्मभर लोक मला हेच सांगालेत," अण्णा म्हणाले. "टाकलीच होती."

त्यानंतर ते घराबाहेर पडेनात. चहा-बिस्किटावर दिवस काढायला लागले. मी एकदा पार्सल घेऊन गेलो तर पिशवीवर पाटीचाच शिक्का होता. त्यांनी पिशवी दाराबाहेर ठेवायला लावली. मला संताप आला. मी म्हणालो, अण्णा, तुम्ही उपाशी मेलात म्हणून मराठीचं काय भलं होणार आहे? ते म्हणाले, काहीच न्हाय. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मराठी मलाही प्यारी आहे. पण तिच्यापायी रिकाम्या घरात बिस्किटं बुडवत बसलेला म्हातारा बघितला की मला माझ्याच भाषेची चीड येते. हे मी गल्लीत कुठे बोलत नाही, इथे लिहितोय.

मी रेणुकाला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी खिडकी लावून घेऊन ती स्कूटीवरून आमच्या गल्लीत आली. हातात घरातला स्टीलचा डबा, त्यावर कसलाच शिक्का नाही. मी तिच्याबरोबर आत गेलो. अण्णा जमिनीवर बसले होते. बाजूला बशीत विरघळलेलं बिस्कीट. स्वयंपाकघरात शेगडीवर धूळ. रेणुकाने ते सगळं बघितलं. बोलायला बरंच ठरवून आली असणार, पण राग इतका आला की जपून ठेवलेली मराठी तिच्या हाताला लागली नाही. ती दारातूनच त्यांच्यावर ओरडली, घरात बापावर ओरडावं तशी.

"ऊटा आतेन्री?"

म्हणजे जेवलात का. बस, एवढंच. बेळगावात हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. पण अण्णांच्या घरात पडत नव्हता. मी दचकलो. आता हा म्हातारा हिला डब्यासकट बाहेर काढणार असं मला वाटलं.

अण्णा माझ्याकडे वळून, कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले.

"आमची रबकवीची. तुला ठाऊकच हाय."

ठाऊक होतं. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कुणी काढत नव्हतं. गंगाआक्का रबकवीच्या कन्नड घरातली. लग्न होऊन आली आणि अण्णांनी घरात कन्नड बंद केलं. ती मराठी शिकली, मोडकीतोडकी का होईना शेवटपर्यंत बोलली. शेजारणी हसायच्या तेव्हा आपणही हसायची. माहेरचा फोन आला की बोलायला बाहेर मागच्या परसात जायची.

"शेवटाला तिची मराठी गेली," अण्णा म्हणाले. "डाक्टर म्हणाला, डोक्यातनं जातंय असं. दिस बुडला की माझ्याकडं बघून हेच इचारायची. हिनं आता इचारलं, तेच. मला कळत न्हवतं व्हय? सगळं कळतंय मला. पण मी म्हणायचो, मराठीत इचार, मग सांगतो."

त्यांनी बशी बाजूला सारली.

"तिला येतंच न्हवतं रं. रोज इचारून इचारून झोपायची. तशीच गेली. मी जेवलो का न्हाय, तिला कळलंच न्हाय."

रेणुका उंबऱ्यातच उभी होती. एवढी भरभर मराठी तिला सगळी समजली की नाही मला माहीत नाही. तिने खाली बसून डबा पुढे ठेवला आणि झाकण काढलं. भात निवला होता. अण्णांनी डब्याला हात लावला नाही. आधी तिच्याकडे बघितलं आणि उत्तर दिलं. त्यांना कन्नड बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. उच्चार अगदी स्वच्छ होते, घरात रोज बोलत असल्यासारखे.

"इन्नू इल्लव्वा," ते म्हणाले. अजून नाही गं.