नवरीचं नाव आणि गॉगलवाला

मी रामेश्वर. खासगी गुप्तहेर. छत्रपती संभाजीनगरातला एकमेव म्हणत नाही, कारण आत्मस्तुती मला आवडत नाही. पण दुसरा कोणी असता तर तो मला सापडला असता. माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे की मला चष्मा वापरावा लागतो, नाहीतर समोरच्याला टोचेल. स्मरणशक्ती तर अफाटच. काही गोष्टी मी विसरतो, पण त्या मुद्दाम विसरतो. शत्रूनं पकडून मारझोड केली तरी माझ्या तोंडून काही निघू नये, ही त्यामागची दूरदृष्टी.

माझं कार्यालय गुलमंडीत आहे. कार्यालय म्हणजे कडूबाच्या लग्नपत्रिकांच्या दुकानातला मागचा कोपरा. पाटी आतल्या बाजूनं लावलेली आहे. गुप्तहेराची पाटी रस्त्यावरून दिसायला लागली तर त्यात गुप्त काय उरलं? सुकेशनी ही माझी सहायक. ती कॉम्प्युटर शिकलेली आहे, प्रोग्राम लिहिते, आणि मी बोलत असताना अधूनमधून डोळे मिटून घेते. एकाग्रता, दुसरं काय.

त्या दिवशी सुकेशनी लायसन्ससाठी आरटीओच्या रांगेत होती. मी कोपऱ्यात बसून शहरातल्या संभाव्य गुन्ह्यांचा विचार करत होतो, म्हणजे माझे डोळे मिटलेले होते, आणि तेवढ्यात पुढून कडूबा ओरडला.

"अरे देवा, पुन्हा गेलं!"

मी झेप घेतली. खुर्चीत पाय अडकला, पण झेप झेपच असते.

कॉम्प्युटरपुढं कडूबा घामाघूम बसला होता. त्याच्या खुर्चीमागच्या चिंचोळ्या जागेत नवरीमुलगी श्रेया आणि नवरदेवाचे मामा नानासाहेब पडद्याकडं बघत उभे होते. नवरीच्या आई आशाबाई करमाडहून आलेल्या. मागं त्यांना जागाच उरली नव्हती, म्हणून टेबलाच्या पलीकडं, कडूबाच्या समोर स्टुलावर बसल्या होत्या. पत्रिका आजच छापायला जायची होती.

"झालं काय?" मी विचारलं.

"रामेश्वरभाऊ, लई इचित्र हाय," कडूबा म्हणाला. "नवरदेवाचं नाव लिवलं, सुदर्शन, बिनघोर झालं. गावाचं नाव, मुहूर्त, समदं झालं. नवरीचं नाव लिवायला घेतलं की पत्रिका गायब! कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच."

"दाखव."

त्यानं लिहायला घेतलं. 'चि. सौ. कां.' इथपर्यंत सगळं ठीक. पुढं नाव यायचं, तर त्याऐवजी खिडकी, पत्रिका, सगळं नाहीसं झालं आणि उरला फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर कायम असणारा कडूबाचा फोटो. दौलताबादच्या किल्ल्यावर, गॉगल लावून, कमरेवर हात ठेवून.

"नवरीचं नाव लिवलं की हा गॉगलवाला कामून येतो?" नानासाहेबांनी विचारलं. माणूस मोठ्या मिशांचा, चितेगावला शेती, भाच्याच्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. स्वतः पत्रिका बघायला आले होते, कारण आपलं नाव नीट छापतात का याची त्यांना काळजी होती. त्यांनी गॉगलवाल्याकडं पाहिलं, श्रेयाकडं पाहिलं आणि मान हलवली. "हे लक्षण बरं नाय. देवाच्या नावानं सुरू झालेल्या पत्रिकेत पोरीचं नाव टिकंना. मी सांगतो, लग्नात हिचं नाव बदला. आमच्याकडं बदलतातच. गंगा ठेवा, सुमन ठेवा. नाव बदलणार नसाल तर मंग मला घरी बसून इचार करावा लागंल."

श्रेयाचा चेहरा पडला. "मामा, नाव बदलायचं नाही हे सुदर्शनशी आधीच ठरलंय. माझं नाव आजोबांनी ठेवलंय. तेच राहील."

"सुदर्शनचं काय घेऊन बसलीस? मी बोलतोय."

आशाबाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. मुलीचं लग्न तोंडाशी आलेलं असताना वराच्या मामाशी कोण भांडणार? मुलीचं नाव जाणार, नाहीतर लग्न. मला खरंच वाईट वाटलं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "थांबा. हे अपशकुनाचं काम नाही, गुन्हेगाराचं आहे. प्रकरण मी हातात घेतलं."

"तुम्ही कोण?" नानासाहेब म्हणाले.

मी मागच्या पाटीकडं बोट दाखवलं. ती त्यांना दिसली नाही, ही पाटीच्या गुप्ततेला मिळालेली पावतीच.

माझा पहिला तर्क साधा होता. नकार मिळालेला प्रेमवीर! दूर कुठंतरी बसून कॉम्प्युटर ताब्यात घेतोय. मी श्रेयाला हळूच विचारलं, "ताई, तुमच्यावर कोणी मनातून चिडलेलं आहे का?"

"काका, मी शाळेत विज्ञान शिकवते. सातवी ब चिडलेली असते."

"सगळी?"

"सगळी."

एक अख्खी तुकडी! मी संशयितांच्या यादीत मनातल्या मनात सातवी ब लिहिली. पण त्यांची परीक्षा चालू आहे असं कळलं, आणि परीक्षेच्या काळात एवढी मेहनत घेणारी मुलं त्या वर्गात नाहीत असंही श्रेया म्हणाली. तर्क बाद.

दुसरा तर्क: धंद्यातली दुष्मनी. कॉम्प्युटरमागून एक काळी वायर भिंतीतून पलीकडं गेली होती. वायर भिंतीतून जाते, म्हणजे तिला काहीतरी लपवायचं असतं. मी ती खस्सकन उपटली. भिंतीपलीकडून लस्सीवाल्याचा आवाज आला.

"अरे रामेश्वर भाई, फ्रिज कायकू बंद करा रे? लस्सी गरम हो गई तो तू पियेगा?"

मी वायर पुन्हा लावली. दुष्मनी नव्हती, नव्यानं तयार होत होती.

तिसरा तर्क मांडताना मी आवाज खाली आणला. "कडूबा, तुझ्या अंगठ्याला हळद आहे. आज तू दुसऱ्या एका हळदीला जाऊन आलास. त्यांनी पैसे चारले, आणि ही पत्रिका..."

"वरण खाल्लं, भाऊ. डब्यातलं. तुमीबी खाल्लं."

मी माझा अंगठा खिशात घातला.

एवढ्यात सुकेशनीचा फोन आला. मी तिला थोडक्यात परिस्थिती सांगितली. ती एकदम म्हणाली, "सर, पत्रिका गायब होते म्हणजे नक्की कशी? काल संध्याकाळी तुम्ही माझ्याकडून जे बसवून घेतलं, ते..."

"फोनवर गुप्त बोलू नये," असं बजावून मी फोन ठेवला. सहायकांना शिस्त लागते.

"झालं का तुमचं?" नानासाहेब म्हणाले. "छापायचा मुहूर्त निघून चाललाय. लिव रे कडूबा, गंगा लिव. आन माझ्या नावाआधी कलश घालायचा इसरू नको. आमच्या घरातला मान हाय त्यो."

कडूबानं श्रेयाकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. आणि तेव्हा टेबलाच्या पलीकडून आशाबाई बोलल्या.

"कडूबाभाऊ, एक इचारू? माझ्या लेकीचंच नाव आलं की तुमचा उजवा हात तिकडं कोपऱ्यात कामून जातो?"

सगळे त्यांच्याकडं वळले.

"मला काय पडदा दिसतच नाय इथून," त्या म्हणाल्या. "तुम्ही समदे तिकडं बघायलाव. मला बघायला यांचे हातच हायेत. सुदर्शनचं नाव लिवलं, हात मधीच. गाव लिवलं, मधीच. श्रेया म्हणलं की डावा अंगठा खाली दाबून धरतेत आन उजवा हात पार तिकडं, आकड्यावर. तिथं एक दाबलं न दाबलं की तुम्ही सगळे 'गेलं गेलं' वरडता."

"व्हय की," कडूबा म्हणाला. "आमचा फॉन्ट लई जुना हाय, वहिनी. त्यात समदी अक्षरं बटणावर बसत नाय. जे बसत नाय ते ऑल्ट दाबून धरायचं आन उजवीकडचे आकडे दाबायचे. श्रेयातलं पहिलं अक्षर तसलंच. वरचं 'श्री गणेशाय' साच्यात तयारच असतंय, ते लिवावं लागत नाय."

श्रेयानं डोळे पुसले. वर्गात प्रयोग सुरू करताना बाईंचा आवाज जसा होतो, तसा तिचा झाला. "असे आकडे दाबून आणखी काय काय काढता?"

"फुलं. मोर. कलश."

"मामांचा कलश?"

"व्हय, त्योच."

"मग माझं नाव राहू द्या. कलश काढा."

नानासाहेबांनी मिशी सारखी केली. कडूबानं त्यांचं नाव लिहायच्या ओळीवर जाऊन ऑल्ट दाबून धरलं, उजवा हात आकड्यांवर नेला, पहिला आकडा दाबला, आणि नानासाहेबांच्या मानाच्या जागी कमरेवर हात ठेवून गॉगलवाला हजर झाला.

मग श्रेया अगदी आदरानं म्हणाली, "मामा, आता तुमचं नाव काय ठेवायचं? गंगाराम चालेल?"

आशाबाईंनी तोंडाला पदर लावला. कडूबा टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला. नानासाहेब लाल झाले, मग त्यांनी पडद्यावरच्या कडूबाकडं पाहिलं, आणि त्यांच्या मिशीखालून पहिल्यांदा हसू फुटलं. "नगं बाई. या वयात नवं नाव कुणाला पाठ व्हायचं? तुझं तूच ठेव."

तेवढ्यात दारात सुकेशनी आली. आरटीओची रांग सोडून, धापा टाकत.

"पहिला आकडा कुठला दाबता, कडूबाकाका?"

"शून्य. समद्या नंबरांची सुरुवात शून्यानंच."

सुकेशनी माझ्याकडं वळली. "सर."

एकच शब्द, पण त्यात मला माझी मुद्दाम विसरलेली एक गोष्ट आठवली. माझ्या केसच्या फायली याच कॉम्प्युटरवर असतात. कोणी मागून डोकावलं तर एका झटक्यात सगळं नाहीसं व्हावं, समोर कुठलाही प्रोग्राम उघडा असो, म्हणून मीच तिच्याकडून एक शॉर्टकट बनवून घेतला होता. ऑल्ट आणि शून्य. शून्य, कारण पुरावा शून्य.

"मी सांगितलं होतं," सुकेशनी सगळ्यांना सांगायला लागली, खरं तर सगळ्यांना सांगायची काही गरज नव्हती. "आपल्याच प्रोग्रामपुरता शॉर्टकट वेगळा, आणि सगळ्या कॉम्प्युटरसाठी नोंदवलेला वेगळा. तो एकदा आपल्या नावावर केला की दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला ते बटण पोचतच नाही, मधल्यामधे आपणच घेतो. म्हणून सहसा कोणी दाबणार नाही असं काहीतरी घ्या, म्हटलं. तर म्हणाले, एका हातात चहा असतो, सोपं दे."

"म्हणजे चोर घरातच होता?" नानासाहेब म्हणाले.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो, हे अपशकुनाचं काम नाही," मी म्हणालो. हे माझं वाक्य कोणालाही खोडता आलं नाही.

सुकेशनीनं तो प्रोग्राम बंद केला. कडूबानं ऑल्ट दाबलं, आकडे दाबले, आणि पडद्यावर 'श्रेया' उमटलं. राहिलं. आशाबाई स्टुलावरून उठल्या, सगळ्यांना बाजूला सारून मागं आल्या आणि पहिल्यांदा पडद्यासमोर उभ्या राहिल्या. लेकीच्या नावाकडं त्या बराच वेळ बघत होत्या. "अजून जरा मोठं करा," एवढंच म्हणाल्या. नानासाहेबांचा कलश त्यासाठी लहान करावा लागला.

प्रकरण सोडवल्याबद्दल भिंतीपलीकडून लस्सी आली. गरमच होती.

आता माझा नवा शॉर्टकट असा आहे की तो दाबायला दोन्ही हात, भरपूर बोटं आणि सुकेशनीची परवानगी लागते. फाइलमध्ये मी नोंद केली: गुन्हेगार सापडला, मुळात चांगल्या वळणाचा होता, ताकीद देऊन सोडला.

पुढच्या आठवड्यात पत्रिका आली. श्रेयाचं नाव नवरदेवाच्या नावाइतकंच ठसठशीत होतं. पाकिटावर माझं नाव छापलेलं, नावाआधी खास कलश. त्याच्याखाली निळ्या पेनानं, बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं:

'काका, लग्नाला नक्की या. कशालाही हात लावू नका.'