अठरा हजार चारशे सहा

गाडी कशी ठेवावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! माझी गाडी जुनी, छोटीशी, दोन दारांची, उघडत्या टपाची, पिस्ता रंगाची. वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढी, पण दोघींना शेजारी उभं केलं तर गाडीच धाकटी वाटेल. (मुलीला हे सांगू नका.)

दर रविवारी मलमलीच्या फडक्यानं पुसायची, दहा मिनिटं जागेवरच इंजिन चालू ठेवायचं, किलोमीटरचा आकडा बघून कॅलेंडरवर लिहायचा आणि शेडला कुलूप! टप उघडायचा नाही, ऊन लागतं. रस्त्यावर न्यायची नाही, धूळ बसते. सहा वर्षं आकडा एकच, १८,४०६! टायर नव्यासारखे. पेट्रोलसुद्धा कमी होत नाही. इतकी गुणी गाडी दुसरीकडे सापडायची नाही.

मोजमापाच्या बाबतीत मी जरा कडक आहे, कारण नोकरीच ती. मी वजनमापे निरीक्षक. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासतो. दहा ग्रॅमचा फरक दिसला की सील ठोकलंच, मग समोर कुणीही असो.

पण अलीकडे गुडघे कुरकुरायला लागले. त्या बुटक्या गाडीत शिरताना घडीच्या खुर्चीसारखं दुमडावं लागतं. शिवाय बायकोचाही विचार आला. मी नऊच्या बसनं जातो तो सहाला परततो. बिचारी दिवसभर चार भिंतींत! गाडी विकायची आणि त्या पैशांत हिला एकदा मोकळ्या हवेत फिरवून आणायची, असं ठरवलं आणि जाहिरात दिली.

"विकताय? बरं," बायको म्हणाली आणि मटार सोलत राहिली. मटार जरा जोरातच सोलले जात होते, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवारी एक गिऱ्हाईक आलं. जाड मिशा, चेहरा कुठेतरी पाहिलेला. तेलाचं दुकान आहे म्हणाले. गाडीभोवती तीन फेऱ्या मारून त्यांनी टायर दाबून पाहिले.

"अगदी नवे दिसतात हो!"

"चालवलीच नाही ना! सहा वर्षांत एक किलोमीटर नाही! हा आकडा बघा आणि हे माझं कॅलेंडर बघा!"

मग दुकानदार चालवायला बसले, मी शेजारी. कोपऱ्यावर पोस्टमननं हात उंचावला, काचेतून आम्हाला पाहिलं आणि हात हळूच खाली घेतला. शाळेच्या फाटकावर रखवालदारानं सलाम ठोकला.

"जुन्या गाडीला मान असतो," मी म्हणालो.

तीन किलोमीटर झाल्यावर दुकानदारांनी गाडी बाजूला घेतली. "साहेब, आकडा अजून १८,४०६च आहे. वेगाचा काटाही शून्यावर. म्हणजे गाडी उभी होती आणि रस्ताच मागे पळत होता?"

मी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. "अडकला असेल..."

"मला ओळखलं नाहीत वाटतं. किलोमागे दहा ग्रॅम! माझ्या तराजूला सील तुम्हीच ठोकलंत. तेव्हा मीही हेच म्हणालो होतो, अडकला असेल!"

उद्या बाजारभर होणार, मापं तपासणाराच मापात खोटा! तीस वर्षांचं नाव एका शनिवारी मातीत जाणार होतं.

"आत्ताच्या आत्ता माझ्या मेकॅनिककडे चला!" मी ओरडलो.

गाडी दिसताच मेकॅनिक हसत बाहेर आला. मला पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. मी मीटरकडे बोट दाखवलं. त्यानं पाना खाली ठेवला.

"सर, मीटरची केबल मीच काढली. वहिनींनी सांगितलं होतं. तुम्ही रविवारी आकडा लिहिता ना, म्हणून."

"माझी बायको गाडी चालवते?"

"आठवड्यातून तीनदा, टप उघडून. दोन वेळा टायर बदलले. आणि बरंच झालं, सर. उभी राहिली असती तर इंजिन कधीच जाम झालं असतं."

दुकानदार बॉनेटवर थापा मारून हसले. बॉनेटला हात लावू नका, हे सांगायचंही मला सुचलं नाही.

घरी आम्हा दोघांना बायकोनं शांतपणे दार उघडलं.

"तू गाडी कधी शिकलीस?"

"लग्नाआधी. बाबांचा टेम्पो चालवायचे. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"जातेस कुठे?"

"तळ्यावर. वारा खाते, परत येते."

"किती चालवलीस?"

"मोजलं नाही. मोजायला तुम्ही आहात ना!"

खरं सांगतो, राग आलाच नाही, लाज वाटली. दुकानदारांनी मिशी पुसली. "वहिनी, गाडी तुमची. तुम्ही देत असाल तर घेतो."

"नाही देणार," बायको म्हणाली. दुकानदार चहा पिऊन गेले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "मीटरला सील ठोकू का?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी कॅलेंडरला हात लावला नाही. बायकोनं टप उघडला, मी दुमडून शेजारी बसलो आणि आम्ही तळ्यावर गेलो. मोकळ्या हवेत फिरवायचं ठरलं होतं, फक्त फिरवणारी ती होती. वारा खरंच छान होता.

तिथल्या चहावाल्यानं न विचारता तिचा चहा आणला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ताई, आज हे कोण बरोबर?"

"हे होय?" बायको म्हणाली. "गाडीचे जुने मालक."